उभ्या उड्डाणाच्या प्रायोगिक यानासाठी छोटं टर्बोजेट: पाटीवरचा थ्रस्ट आणि हाती येणारा थ्रस्ट

इंजिनाच्या पाटीवर थ्रस्ट, म्हणजे झोतामुळे मिळणारं ढकलणारं बळ, 230 न्यूटन लिहिलेलं आहे आणि यानाचं वजन इंधनासकट 20 किलो, म्हणजे 196 न्यूटन आहे. कागदावर 17 टक्के शिल्लक दिसते. पण एप्रिलमधल्या दुपारी पुण्यात हेच यान जमीन सोडणार नाही. नेहमीच्या जेट मॉडेलला असल्या तुटीने फरक पडत नाही, कारण त्याचं वजन पंख पेलतात. इथे मात्र प्रत्येक ग्रॅम थ्रस्टनेच उचलायचा असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिशोब, मग चाचणीचा बाक, मग झडपा आणि सांगाडा सगळ्यात शेवटी. बहुतेक प्रकल्प उलट्या क्रमाने जातात आणि सांगाडा तयार झाल्यावर दोन किलो कुठून कमी करायचे याची शोधाशोध सुरू होते.

इंजिन हलकं असणं हा आता मोठा प्रश्न राहिलेला नाही. रोल्स-रॉइसने 1950 च्या दशकात फक्त उचलण्यासाठी बनवलेलं आरबी108 हे टर्बोजेट स्वतःच्या वजनाच्या आठ-साडेआठ पट थ्रस्ट द्यायचं. शॉर्ट एससी.1 या प्रायोगिक विमानात अशी चार इंजिनं उभी बसवली होती आणि पाचवं पुढे ढकलायला होतं. पुढच्या आरबी162 मध्ये काँप्रेसरला काचतंतू आणि प्लास्टिक वापरून हे प्रमाण 16 पटींपर्यंत नेलं. आज मॉडेलवाल्यांना मिळणारं 230 न्यूटनचं इंजिन साधारण अडीच किलोचं असतं, म्हणजे नऊ पटींच्या थोडं वर. इंजिन पुरेसं हलकं आहे, थ्रस्ट गळतो तो वाटेत.

हिशोब

पाटीवरचा आकडा समुद्रसपाटीचा आणि 15 अंशांचा असतो. इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) कमाल आरपीएम ठरलेलाच ठेवतो, हवा गरम झाली म्हणून वाढवत नाही. गरम हवेत त्याच आरपीएमला काँप्रेसर कमी दाब तयार करतो, त्यामुळे फटका दुहेरी बसतो: हवा विरळ, वर काँप्रेसरही ढिला. अंदाजासाठी हे सूत्र पुरतं:

थ्रस्ट = पाटीवरचा थ्रस्ट × (स्थानिक दाब ÷ 1013) × (288 ÷ केल्विनमधलं तापमान)^1.5

घातांक 1.5 येतो कारण या इंजिनांचा थ्रस्ट साधारण आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढतो, आणि तापमानाचा परिणाम आरपीएमवर वर्गमुळाने होतो. पुण्याची उंची 560 मीटर धरली तर दाब सुमारे 948 हेक्टोपास्कल. 35 अंशांना उत्तर येतं 0.85 च्या आसपास, म्हणजे 230 चे 195 न्यूटन उरले. मुंबईत त्याच तापमानाला 0.90 मिळेल. सकाळी सहाला, 20 अंशांना, पुण्यातच 0.91 मिळतो, म्हणून उड्डाणाच्या चाचण्या पहाटे ठेवाव्यात. गोव्यात दाबोळीला 2016 पर्यंत नौदलाची सी हॅरियर विमानं होती. त्यांच्या पेगॅसस इंजिनातही उभ्या उतरणीच्या वेळी थ्रस्ट टिकवायला पाणी फवारण्याची सोय होती. आपल्या इंजिनात तसली सोय नाही आणि घरगुती पद्धतीने करूही नये. तापलेल्या टर्बाइनवर असमान पाणी पडलं तर पाती तडकतात.

195 मधून आणखी वजाबाकी करा. झोतात बसवलेल्या दिशादर्शक झडपा 4 टक्के खातात: 187. जमिनीजवळ स्वतःचाच गरम झोत पुन्हा इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडात येणं आणि सांगाड्याखाली कमी दाब तयार होणं, यांना मिळून 5 टक्के धरा: 178. वर चढायला आणि खाली येताना वेग मोडायला 15 टक्के राखीव: 178 ÷ 1.15 = 155 न्यूटन. म्हणजे इंधनासकट यान 15.8 किलोच्या आत बसलं पाहिजे, 20 नाही.

आता इंधन. या वर्गाचं इंजिन पूर्ण थ्रस्टला मिनिटाला 730 मिलिलिटरच्या आसपास पितं. तरंगताना 600 धरा. चार मिनिटांचं उड्डाण, सुरू करणं आणि गरम होणं यासाठी 300 मिलिलिटर, एक मिनिटाचं राखीव, असं मिळून 3.3 लिटर, म्हणजे 2.6-2.7 किलो. इंजिन 2.5, पंप-ईसीयू-बॅटरी-नळ्या 1 किलो. सांगाडा, पाय, टाकी, झडपा, त्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी (सर्व्हो) आणि उड्डाण नियंत्रक या सगळ्यांना साडेनऊ किलो उरतात. या आकड्यात बसत नसेल तर मोठं इंजिन घ्या. ‘सांगाडा नंतर हलका करू’ हे कधी होत नाही.

चाचणीचा बाक

40×40 मिलिमीटरच्या बॉक्स पाइपचा वेल्डिंग केलेला बाक, काँक्रीटला चार अँकर बोल्टने पक्का. इंजिनाचा अक्ष जमिनीपासून किमान एक मीटर वर. इंजिन थेट बाकाला न बांधता एका पाटावर बसवायचं आणि तो पाट लोड सेलला (बळ मोजणाऱ्या सेन्सरला) ढकलेल असं करायचं. पाट सरकत्या रेलवर ठेवता येतो, पण त्यात घर्षण येतं. त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरच्या स्प्रिंग स्टीलच्या चार उभ्या पट्ट्यांवर पाट टांगलेला चांगला.

लोड सेल एस आकाराचा, 50 किलोचा. 230 न्यूटन म्हणजे साडेतेवीस किलो-बळ, त्यामुळे दुपटीचा सेल धक्केही सोसतो. सेलचा सिग्नल आकड्यांत बदलायला एचएक्स711 मोड्यूल चालेल, मात्र ते मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला 10 नोंदी देतं. रेट पिन वर ओढून 80 करा, नाहीतर प्रतिसादाची चाचणी निरर्थक ठरेल. सेलपुढे पातळ स्टीलचा आडपडदा लावा. सेल गरम झाला की शून्य सरकतं आणि थ्रस्ट वाढल्यासारखा दिसतो.

मोजमाप तपासायला वजनमापे विभागाचा शिक्का असलेली लोखंडी वजनं आणा. कप्पीवरून दोरी घेऊन, इंजिनाच्या अक्षाच्याच उंचीवर पाट ओढा: 5, 10, 15, 20, 25 किलो, मग त्याच क्रमाने उतरत. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला तर कुठेतरी अडकतंय. दहापैकी आठ वेळा गुन्हेगार इंधनाची ताठ नळी किंवा वायरींचा जुडगा असतो. त्यांना सैल वळसा द्या आणि पाटाच्या हालचालीला काटकोनात आणा.

जागेबद्दल तीन गोष्टी ठरलेल्या. मागे 10 मीटर मोकळं, कारण झोत 600-700 अंशांचा निघतो. तोंडावर जाळी, कारण एक वॉशर आत गेला की काँप्रेसर गेला. आणि टर्बाइनच्या पातळीत, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कोणीही उभं राहायचं नाही. लाखभर आरपीएमला टर्बाइनचं चाक फुटलं तर तुकडे त्याच पातळीत उडतात. चालवणारा पुढच्या बाजूला तिरपा, मध्ये किमान 3 मिलिमीटर स्टीलचा पत्रा. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही.

कॉलेजच्या भिंतीवर टांगलेलं अग्निशामक बहुधा एबीसी पावडरचं असतं. ते इंजिनात मारलं की आग विझते आणि बेअरिंगही संपतात. इंजिनासाठी कार्बन डायऑक्साइडचं, तोंडातून मारायला, आणि जमिनीवर सांडलेल्या इंधनासाठी फोमचं, अशी दोन जवळ ठेवा.

इंधन

जेट ए-1 किंवा स्वच्छ पांढरं रॉकेल, त्यात 5 टक्के टर्बाइन तेल: 20 लिटरच्या कॅनमध्ये 1 लिटर. काही उत्पादक 3 किंवा 4 टक्के सांगतात. त्यांचं पुस्तक प्रमाण. टर्बाइन तेलाऐवजी टू-स्ट्रोकचं तेल घालायचा मोह टाळा. या इंजिनांत वेगळी तेलाची टाकी नसते, बेअरिंगला मिळणारं वंगण याच मिश्रणातून जातं. टर्बाइन तेल त्वचेतून शोषलं जातं आणि विषारी असतं, तेव्हा हातमोजे घाला.

पावसाळ्यात कॅनमध्ये पाणी धरतं. भरण्याआधी रात्रभर स्थिर ठेवा आणि तळातलं इंधन काचेच्या बाटलीत काढून पाहा. भरताना एकदा आणि पंपापुढे एकदा, अशी दोन ठिकाणी गाळणी हवी. मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये बुडबुडे अडवणारी छोटी टाकी घ्याच. पंख असलेल्या मॉडेलचं इंजिन बुडबुड्याने विझलं तर ते तरंगत उतरतं. इथे विझलं की यान दगडासारखं पडतं, हेलिकॉप्टरसारखी पंख्याच्या फिरण्यावर उतरण्याची सोयही नाही. ईसीयूच्या सोलेनॉइडवर (विजेने उघडबंद होणाऱ्या इंधनाच्या झडपेवर) विसंबू नका, हाताने बंद करता येणारी तोटी वेगळी हवीच.

आडवं चालवा, मग उभं

पहिल्या चाचण्या आडव्याच घ्या. सुरू होण्याचा क्रम ईसीयू सांभाळतो: स्टार्टर फिरवतो, इग्नायटर तापवतो, थोडं इंधन सोडतो, झोताचं तापमान चढलं की मुख्य इंधन वाढवत आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी स्थिर वेगाला, नेतो. आयडल स्थिर झाल्यावर पूर्ण थ्रस्टच्या 20, 40, 60, 80, 90 आणि 100 टक्क्यांना प्रत्येकी 30 सेकंद थांबा. प्रत्येक टप्प्याला थ्रस्ट, आरपीएम, झोताचं तापमान, पंपाचं व्होल्टेज आणि टाकीचं वजन नोंदवा, शिवाय त्या वेळचं हवेचं तापमान आणि दाब. वरच्या सूत्राने थ्रस्ट 15 अंशांवर आणून पाटीशी ताडून पाहा. 3 टक्क्यांच्या आत जुळला तर बाक आणि इंजिन दोन्ही ठीक.

नोंदींवरून बिघाड ओळखता येतो. तोच आरपीएम राखायला पंपाचं व्होल्टेज दर खेपेला वाढतंय: गाळणी तुंबली आहे किंवा पंप झिजतोय. थ्रस्ट कमी आणि झोत जास्त गरम: तोंडाशी गरम हवा परत येतेय, जाळी धुळीने भरली आहे किंवा नोझलमागे अडथळा आहे. बंद केल्यावर चाक पूर्वीपेक्षा लवकर थांबतंय, किंवा थांबताना खरखर येतेय: बेअरिंग. अशा इंजिनाला आणखी ‘एकच’ खेप देऊ नका. सुरू होताना तापमान एकदम उसळलं आणि आरपीएम चढला नाही, तर बहुधा बॅटरी ढिली आहे, स्टार्टर हवा पुरवू शकत नाही.

सुरू होण्याचा प्रयत्न फसला तर लगेच दुसरा करू नका. आत साचलेलं इंधन पुढच्या वेळी भडकून नोझलमधून हातभर ज्वाळा काढतं. नोझल खाली करून इंधन निथळू द्या, पुसा, मगच पुन्हा.

यानंतर प्रतिसाद. आयडलपासून पूर्ण थ्रस्टला जायला या इंजिनांना तीन ते पाच सेकंद लागतात. तरंगण्याच्या आसपास 10 टक्के वर-खाली करायला त्याहून बराच कमी वेळ पुरतो. दोन्ही मोजा. उड्डाण नियंत्रकाच्या उंचीच्या लूपमध्ये हाच उशीर टाकायचा आहे. क्वाडकॉप्टरचे आकडे तसेच ठेवले तर यान आधी उसळेल, मग आदळेल. उतरताना थ्रॉटल आयडलपर्यंत कधीही खेचू नका. खालची हद्द तरंगण्याच्या 60 टक्क्यांवर सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाका, आणि पूर्ण बंद फक्त पाय टेकल्यावर.

आता इंजिन उभं करा, तोंड वर. उत्पादकाला विचारून घ्या; सगळी इंजिनं उभं सुरू करायला परवानगी देत नाहीत. तोंड खाली ठेवून सुरू करणं तर कुठेच चालत नाही, न जळलेलं इंधन स्टार्टर आणि सर्किटकडे ओघळतं. तोंड वर असताना वेगळीच अडचण येते. बंद केल्यावर उष्णता धुराड्यासारखी वर चढते, आणि वर बसलेत स्टार्टर, सेन्सर आणि पुढचं बेअरिंग. ईसीयूचं थंड करणं संपलं तरी वरून ब्लोअरने दहा मिनिटं हवा मारा, इंजिनाच्या नाकाला हात लावता येईपर्यंत.

खाली काय आहे तेही बघा. डांबर वितळतं आणि खडी उडते. काँक्रीटमधली ओल वाफ होऊन पापुद्रे उडवते, तेच पुढे तोंडात जातात. 6 मिलिमीटरची स्टीलची प्लेट 45 अंशांत ठेवा, म्हणजे झोत एका बाजूला जाईल. मग एक चाचणी मुद्दाम सपाट प्लेटवर घ्या: नोझल एक मीटर, अर्धा मीटर आणि 30 सेंटिमीटर उंचीवर. तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा. हवा 10 अंशांनी जास्त तापली तर वरच्या सूत्रानुसार थ्रस्ट 5 टक्के गेला. हिशोबात धरलेले 5 टक्के इथेच संपत असतील तर पाय लांब करा.

झडपा आणि चाकाचा हट्ट

एससी.1 मध्ये इंजिनातली दाबलेली हवा काढून नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांवरच्या छोट्या नोझलमधून सोडत आणि त्यावर विमान सरळ राखत. छोट्या इंजिनाच्या आवरणाला भोक पाडून हे करायला जाऊ नका. ज्वलनाची हवा कमी होते आणि टर्बाइन जळते. आपल्याला झोतातल्या चार झडपाच बऱ्या.

1 मिलिमीटरचा एसएस 310 पत्रा घ्या. एसएस 304 सुरुवातीच्या चाचण्यांना चालतो, पण लवकर पापुद्रे सोडतो. झडपा नोझलपासून साधारण एका नोझल-व्यासाइतक्या खाली. बसवल्यानंतर पूर्ण थ्रस्टला झोताचं तापमान आधीच्या नोंदीपेक्षा 10-15 अंशांहून जास्त चढलं तर झडपा फार जवळ किंवा फार जाड आहेत. सर्व्हो झोतापासून 15 सेंटिमीटर तरी दूर, स्टीलच्या काडीने जोडलेले.

झडपांनी किती बळ लावता येतं हे बाकावरच आडव्या दिशेने दुसरा लोड सेल लावून मोजा, कारण समोर इंजिनाचं फिरतं चाक उभं आहे: यान झुकवलं की ते भोवऱ्यासारखं काटकोनात बाजूला पिळतं. 230 न्यूटन वर्गातल्या चाकाचं जडत्व अंदाजे 0.00015 किलो-मीटर² आणि वेग 1,12,000 आरपीएम धरला, तर यान सेकंदाला एक रेडियनने पुढे झुकताना बाजूला सुमारे 1.8 न्यूटन-मीटरची पीळ पडते. झडपा 15 न्यूटन देत असतील आणि त्या गुरुत्वमध्यापासून 30 सेंटिमीटर खाली असतील, तर तुमच्याकडे एकूण 4.5 न्यूटन-मीटर आहेत. म्हणजे 40 टक्के नियंत्रण नुसतं चाकाशी भांडण्यात गेलं. झुकण्याचा वेग सेकंदाला 30 अंशांवर बांधा आणि नियंत्रकात दोन्ही अक्षांची सांगड घाला. एकाऐवजी दोन इंजिनं, उलट फिरणारी, हा उपाय कागदावर छान आहे. मात्र अशी जोडी बाजारात सहज मिळत नाही. दोन इंजिनं वापरलीत तर एक विझल्यावर काय, हा प्रश्न उभा राहतो. रोल्स-रॉइसच्या 1954 च्या ‘उडत्या खाटे’त दोन नीन इंजिनं होती. एकाचा झोत मधोमध खाली, दुसऱ्याचा दोन्ही बाजूंना सारखा विभागलेला. एक बंद पडलं तरी खाट एका अंगाला कलंडू नये म्हणून ही रचना.

दोरीवरची पहिली उडी

25 किलोपर्यंतचं मानवरहित यान 2021 च्या ड्रोन नियमांत ‘स्मॉल’ गटात येतं. संशोधन आणि शिक्षण संस्थांना स्वतःच्या आवारात, हिरव्या पट्ट्यात (नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या दाखवलेल्या भागात), चाचणीसाठी प्रमाणपत्रांतून सूट आहे. जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर पाहा. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या आसपास ती बहुधा नसेल.

चार पायांची चौकट, वर आडवी तुळई, तिथून 4 मिलिमीटरची स्टीलची तार, मध्ये धक्का शोषणारी स्प्रिंग. नायलॉनची दोरी झोताच्या एका स्पर्शात तुटते. तारेला 30 सेंटिमीटर ढील ठेवा, म्हणजे यान खरंच तरंगतंय की टांगलंय ते कळेल. तारेच्या वरच्या टोकाला बाकावरचाच लोड सेल लावा: तरंगताना तो शून्य दाखवला पाहिजे. इंजिन बंद करणारा रिमोट उड्डाणाच्या रिमोटपेक्षा वेगळा, वेगळ्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला दुसरं काहीही काम नको.

पहिल्या खेपा अर्ध्या टाकीच्या. टाकी रिकामी होत जाते तसा गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून टाकी इंजिनाच्या अक्षाभोवती सारखी वाटलेली हवी. एका बाजूला बसवलेली दोन लिटरची टाकी चार मिनिटांत झडपांची निम्मी ताकद फक्त तोल सावरण्यात घालवते. तरंगताना थ्रॉटल 90 टक्क्यांच्या वर राहत असेल तर खाली आणा आणि वजन कमी करा. सलग पाच खेपांत तो 85 च्या खाली राहिला, झडपा त्यांच्या फिरण्याच्या निम्म्याहून पुढे गेल्या नाहीत आणि तारेवरचा सेल शून्यावर राहिला, तर तारेची ढील एक मीटरपर्यंत वाढवा. तार काढायची घाई नको. बहुतेक उत्पादक 25 तासांनी इंजिन तपासणीला मागवतात आणि चार-चार मिनिटांच्या खेपांनी त्यातले पाच तास भरायलाच पंच्याहत्तर खेपा लागतात. त्या तारेवरच होऊ द्या.